गोठ्याची वाट: रेल्वेचे स्लीपर उलटे घातले आणि एकदाचे बसले

मंडळी, मुरबाडच्या गोठ्याचं अपडेट. मागच्या वेळी स्लीपरचा (रुळांखाली आडवे टाकतात ते ठोकळे) ट्रक रिकामा झाला तिथपर्यंत सांगितलेलं, त्यानंतर ठाण्याहून तीन शनिवार गेलो आणि आता सगळे ४८ स्लीपर जमिनीत आहेत. म्हणजे गोठ्याच्या दारापासून बांधापर्यंतचे १२ मीटर, तोच पट्टा जिथे दर पावसाळ्यात म्हशी गुडघाभर रुतायच्या आणि भिजून मऊ पडलेल्या खुरात खडा घुसून एखादी तरी लंगडायचीच.

नवीन लोकांसाठी, हे ब्रॉडगेजचे (रुंद रेल्वेमार्गाचे) सिमेंटचे स्लीपर, लांबी पावणेतीन मीटर, तळाची रुंदी २५ सेंमी, आडवे लावले की मीटरला ४ बसतात. एकेक साधारण २६७ किलोचा त्यामुळे जेसीबी आणि उचलायचा पट्टा लागतोच, हाताने सरकवायच्या फंदात पडू नका. लाकडी पण मिळत होते पण त्यातल्या बऱ्याच लाकडांना क्रिओसोट (लाकूड टिकवायचं विषारी तेल) पाजलेलं असतं आणि जनावर काहीही चाटतं, म्हणून नको म्हटलं.

आता मेन गोष्ट. स्लीपर उलटा घालायचा. वरच्या बाजूला रूळ पकडणारे लोखंडी इन्सर्ट बाहेर आलेले असतात, त्यावर खूर पडला तर संपलंच, आणि तळ सपाट, रुंद, वर खरबरीत असतो त्यामुळे पाय सटकत नाही. पण पहिले दहा मी थेट दाबलेल्या मुरुमावर ठेवले आणि सगळे डगमगायला लागले, कारण इन्सर्ट कडक जमिनीवर टेकत होते! सगळे परत उचलले, दिवस गेला. मग लक्षात आलं की आडवे लावल्यावर इन्सर्ट दोन सरळ रांगांतच येतात, जिथे रूळ असायचे बरोबर तिथे. तर तिथे फूटभर रुंदीचे दोन चर खणले, ग्रिटने (बारीक खडीने) सैल भरले, बाकीच्या मुरुमावर पण ग्रिटचा थर दिला, आणि मग स्लीपर असा बसला की पहार लावली तरी हलेना. दोन स्लीपरमध्ये खाली जी पाचरीसारखी पोकळी राहते तीही ग्रिटने ठासा, नाहीतर तिथूनच चिखल वर येणार.

टोकाला एक लांब होत होता तर काकांनी कटर आणला, मी नको म्हटलं. आत ताणलेल्या तारा असतात, कापून ताण घालवायचा नाही, त्यापेक्षा वाट थोडी वळवली.

आणि बिल पक्कं घ्या. रेल्वेचा माल आहे, संशय आला तर १९६६ च्या रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायद्यात तो रीतसर घेतलाय हे आपल्यालाच सिद्ध करावं लागतं.

रविवारी म्हशी सोडल्या. दारातच थांबून हुंगत बसल्या. काका म्हणाले, "दादा, मागून हाकू नका, मान वर झाली की तिला पाय कुठे पडतोय दिसत नाही." वर थोडा पेंढा पसरला, म्हातारी चंद्री पुढे झाली, दहा मिनिटांत सगळ्या पलीकडे. खुरांचा तो टपटप आवाज ऐकून काय बरं वाटलं!

आता पाण्याच्या टाकीकडचे ६ मीटर राहिलेत, अजून २४ स्लीपर बघतोय, पाऊस लागायच्या आत.