आतल्या खोलीतला डबा

दिवाणखान्यात ४३ इंची नवा टीव्ही आहे. तरी अण्णा, म्हणजे माझे सासरे, सातच्या बातम्या आतल्या खोलीतल्या २१ इंची जाड्या सेटवरच लावतात. हल्ली मीही तिथेच जाऊन बसते. "सदाशिव पेठेत आणखी एक संग्रहालय काढताय का?" नणंद विचारते. विचारू दे.

बटण दाबलं की धप्प आवाज होतो आणि चित्र येतं. सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याकडे अँटेना वळवत बसायचे दिवस गेले. सेट-टॉप बॉक्सची पिवळी-लाल-पांढरी वायर मागे खुपसली की काम भागतं. नवा टीव्ही आधी वायफाय शोधतो, मग अपडेट मागतो, मग कुणी न विचारलेल्या वेबसिरीज दाखवतो. अण्णांचं बोट चुकून 'होम'वर पडलं की ते यूट्यूबवर जाऊन अडकतात आणि स्वयंपाकघरापर्यंत हाक येते.

आवाजाचंही तेच. जुन्याचे स्पीकर तोंडासमोर. नवा इतका सपाट की स्पीकर खाली नाहीतर पाठीमागे, म्हणजे बातम्या आधी भिंतीला कळतात.

दूरदर्शनच्या जुन्या मालिका ४:३ चौकटीसाठी बनवलेल्या. आमच्या नव्या टीव्हीवर त्या ताणल्या जातात आणि सगळी पात्रं पोट सुटल्यासारखी दिसतात. वर तो टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या मनाने घालतो, त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीचा प्रसंग काल मोबाइलवर काढल्यासारखा गुळगुळीत होतो. हे बंद करता येतं, पण सेटिंगमध्ये कुठे, ते भाच्याला विचारावं लागतं.

मध्यंतरी या जुन्या डब्याचा एलओटी, म्हणजे पिक्चर ट्यूबला जबर व्होल्टेज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, गेला. टीव्हीवाले काका घरीच आले. मागचं झाकण काढून त्यांनी आधी स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक अर्थला लावलं, ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली पातं सरकवलं. चट्ट! "वहिनी, लांब उभ्या राहा. बंद असला तरी यात हजारो व्होल्ट साठून असतात." मग धूळ झटकली, जुना एलओटी काढला, नवा डागला. चहा गार व्हायच्या आत चित्र आलं. शेजाऱ्यांच्या सपाट टीव्हीच्या पॅनेलवर उभी रेघ आली, तर दुरुस्तीचा आकडा ऐकून त्यांनी नवाच घेतला.

डबा आकाराच्या मानाने वीज जास्त खातो, हे कबूल. क्रिकेटच्या मॅचमध्ये खालची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. जिन्यावरून न्यायचा तर दोन धडधाकट माणसं लागतात. पण खाटेवर आडवं होऊन कुठल्याही कोनातून बघा, रंग फिके पडत नाहीत, आणि अण्णा बातम्या बहुतेक आडवे होऊनच बघतात.

खरी अडचण ट्यूबची. नवी आता कुणी बनवत नाही. काकांच्या माळ्यावर याच मॉडेलचा एक बंद सेट पडलाय, ट्यूब शाबूत. भंगारात घालू नका, असं मी त्यांना सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "जागा अडते हो. गणपतीच्या आत घेऊन जा."