लहानपणी कॅन्सर झालेल्यांनी मेडिक्लेम काढायचा तरी कसा?

लहानपणचा कॅन्सर फॉर्मवर लपवू नका. एजंट कितीही म्हणू द्या की ताई वीस वर्षं झाली आता कोण बघायलंय, तरी नका लपवू. अन् त्याहून महत्त्वाचं म्हणजे मेडिक्लेमच्या भीतीनं दरवर्षीची तपासणी बंद करू नका. चांगली शिकलेली, नोकरीला लागलेली पोरं हे करायलेत, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसले.

मला सातव्या वर्षी ब्लड कॅन्सर झाला, एएलएल. गाव परभणी जिल्ह्यात, घरी कोरडवाहू शेती. तेव्हा सरकारी योजना वगैरे काही नव्हती, आबांनी आडत्याकडून उचल घेतली अन् मला परळला टाटाला नेलं. देवगिरीनं जायचं, दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत उतरायचं, असं ते चाललं. आज मी संभाजीनगरला नोकरी करते, संसार आहे, मुलगी शाळेत जाते. डॉक्टरांच्या लेखी मी बरी झालेली आहे. विमा कंपनीच्या लेखी नाही.

मी स्वतःची वेगळी पॉलिसी काढायला गेले तेव्हा फॉर्मवर सगळं खरं लिहिलं. मग कंपनीच्या डॉक्टर मॅडमचा फोन आला. आता काही त्रास आहे का? नाही. गोळ्या चालू आहेत? नाही. शेवटचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कधी केला? मागच्या वर्षी. त्रास नाही तर मग इको कशाला करता? मी सांगितलं की मला लहानपणी लाल औषध दिलं होतं, त्याचा हृदयावर उशिरा परिणाम होऊ शकतो म्हणून टाटाच्या डॉक्टरांनी करायला सांगितलंय. तिकडून फक्त टाईप केल्याचा आवाज. थोड्या दिवसांनी मेसेज आला, अर्ज नामंजूर. मला राग नकाराचा नाही आला, ह्याचा आला की मी नेमानं तपासणी करते हेच माझ्या विरोधात गेलं. अजिबातच न करणारा माणूस त्यांना जास्त ठणठणीत वाटला असता!

हे लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच्याच जातीतली औषधं. लेकरं ह्यांच्यामुळे वाचतात, पण एकूण डोस जास्त झाला असेल तर पुढं दहा-वीस वर्षांनीसुद्धा हृदयाचे स्नायू कमजोर होऊ शकतात. डोक्याला किंवा मानेला शेक, म्हणजे रेडिएशन, दिला असेल तर थायरॉईड बघावं लागतं, सिस्प्लॅटिन दिलं असेल तर कान. टाटामध्ये ह्याच्यासाठी १९९१ पासून वेगळं एसीटी क्लिनिक आहे, उपचार संपलेल्यांसाठी. हृदयाचं लवकर कळलं तर गोळ्यांवर भागू शकतं, उशिरा कळलं तर आयसीयू. म्हणजे तपासणी करणाऱ्यानं कंपनीचेच पैसे वाचवले की नाही?

आता नियम काय म्हणतो बघा. २०२४ पासून 'आधीपासूनचा आजार' म्हणजे पॉलिसी सुरू होण्याच्या आधी ३६ महिन्यांत ज्याचं निदान झालं किंवा ज्याच्यासाठी डॉक्टरी सल्ला-उपचार घेतला तो. अन् त्याच्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावता येतं, आधी ४८ होते. ह्या हिशोबानं वीस वर्षांपूर्वीचा कॅन्सर त्यात बसायलाच नको. पण फॉर्मवर प्रश्न असतो की आयुष्यात कधी कॅन्सर झाला होता का, अन् अर्ज घ्यायचा की नाही हे शेवटी कंपनीच ठरवते. नकार दिला तर कारणासकट लेखी मागा, ते द्यायची जबाबदारी कंपनीची आहे. फोनवर 'सॉरी मॅडम' ऐकून गप बसू नका. अन् एकीनं नाही म्हणलं म्हणजे सगळ्याच नाही म्हणतील असं नसतं, कुणी लोडिंग लावून, म्हणजे हप्ता वाढवून, देतात.

लपवू नका का म्हणते, तर एजंट अजून एक सांगतात की पाच वर्षं पॉलिसी चालवा, मग कुणी विचारत नाही. अर्धं खरं आहे. सलग ६० महिने झाले की माहिती दिली नाही ह्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर येतो. आणि त्या ६० महिन्यांत काही झालं तर? दवाखान्यात हिस्ट्री घेतात तेव्हा घरचं कुणीतरी सांगतंच की लहानपणी कॅन्सर होता, ते केसपेपरवर येतं, अन् क्लेम तिथंच अडकतो. आपली माय डॉक्टरसमोर खोटं बोलणार आहे का?

नोकरी करत असाल तर कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम सोन्यासारखा समजा. बऱ्याच ग्रुप पॉलिसीत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात अन् मेडिकलही लागत नाही. मी आज त्याच्यावरच आहे. फक्त नोकरी सोडायच्या आधी एचआरला विचारा की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत कसं जायचं, तशी सोय नियमात आहे, झालेला वेटिंगचा काळही धरला जातो. राजीनामा दिल्यावर धावपळ करू नका.

बाकी आपल्या भागातल्या लोकांसाठी सरकारची महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतले पांढऱ्या कार्डाचे शेतकरी त्यात आधीपासून होते, आता तर कुठलंही रेशन कार्ड चालतं अन् कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. ही योजना जुना आजार विचारत नाही, कॅन्सर परत आला तरी उपचार होतो. संभाजीनगरला आमखास मैदानाजवळच्या सरकारी कॅन्सर हॉस्पिटलला जाऊन आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या तिथल्या माणसाला, भेटा. पण ही मुख्यतः भरती होऊन करायच्या ठरलेल्या उपचारांची योजना, दरवर्षीचा इको अन् रक्त तपासण्या खिशातूनच. खाजगी मेडिक्लेममध्येही सहसा तेच. मला वाटतं भांडायला पाहिजे ते इथं. अमेरिकेत २०१० ला कायदा केला अन् २०१४ पासून जुन्या आजारावरून विमा नाकारायला किंवा हप्ता वाढवायला बंदी आली. आपल्याकडे निदान लहानपणी कॅन्सर होऊन दहा-पंधरा वर्षं बरं असलेल्यांसाठी तरी असं काही का होऊ नये?

पॉलिसी असून क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, महिन्याभरात ऐकलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. आपला मराठवाडा तिथंच येतो, फी नाही अन् वकील लागत नाही.

अन् ज्यांच्या लेकरांचे उपचार आत्ता चालू आहेत त्यांनी शेवटच्या केमोनंतर ट्रीटमेंट समरी मागून घ्या, कोणतं औषध एकूण किती मिलिग्रॅम गेलं, शेक दिला असेल तर कुठं अन् किती, सगळं त्यात लिहिलेलं पाहिजे. पाच कॉपी काढा, फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा. लेकरू अठराचं झालं की मूळ कागद त्याच्या हातात द्या, पुढं फॉर्म त्यालाच भरायचेत.