मोरेलियाचा महोत्सव: एका घराचा सिनेमा, तीन देशांचा पैसा

पुण्यात सिनेपोलिसला सिनेमा बघायला जाणाऱ्या कुणालाही विचारा, ही कंपनी कुठली? बहुतेक जण अमेरिका म्हणतील. ती मेक्सिकोची आहे, आणि तीही राजधानीतली नाही. तिचं मुख्यालय मिचोआकान राज्यातल्या मोरेलिया या शहरात आहे. भारतात ती २००९ साली अमृतसरला पहिलं थिएटर उघडून आली. याच मोरेलियात २००३ पासून दर ऑक्टोबरात आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. त्याच्या संस्थापकांमध्ये दानिएला मिचेल आणि क्वाउतेमोक कार्देनास बातेल यांच्याबरोबर सिनेपोलिसचे आलेहांद्रो रामिरेसही आहेत.

मी तिथं गेले ती मात्र एका प्रश्नापायी. गेल्या काही वर्षांत मला आवडलेल्या बहुतेक मेक्सिकन सिनेमांच्या सुरुवातीच्या पाट्यांत मेक्सिकोच्या जोडीला डेन्मार्क, जर्मनी, फ्रान्स, कतार अशी नावं यायची. सिनेमा मात्र एखाद्या वाडीतला, कधी एकाच घरातला असायचा. इतकी आपल्या मातीतली गोष्ट सांगायला इतके देश का लागतात, आणि ते सगळे आत शिरूनही गोष्ट आपली कशी राहते?

मेक्सिको सिटीच्या पश्चिमेकडच्या टर्मिनलवरून बसनं साधारण चार तास लागतात. मोरेलिया समुद्रसपाटीपासून १९०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे ऑक्टोबरात दुपारी ऊन चांगलंच लागतं आणि रात्री स्वेटर घालावा लागतो. जुनं शहर सगळं एकाच गुलाबी दगडात बांधलेलं. कॅथेड्रलचे दोन उंच मनोरे, वाडे, अडीचशेच्या वर कमानींचा जलसेतू, सगळं त्याच दगडाचं. १९९१ साली युनेस्कोनं या भागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. १८२८ पर्यंत गावाचं नाव वायादोलिद होतं. स्वातंत्र्ययुद्धाचे नेते, धर्मगुरू होसे मारिया मोरेलोस इथं जन्मले, त्यांच्यावरून मोरेलिया झालं.

महोत्सव मुख्यतः या जुन्या शहरातच असतो आणि एका थिएटरातून दुसऱ्यात पायी जाता येतं, हे मला फार सुखाचं वाटलं. कॅथेड्रलशेजारच्या बेनितो हुआरेस चौकात रात्री मोकळ्यावर पडदा लावून फुकट सिनेमे दाखवतात. तिथं आज्या नातवंडांना शालीत गुंडाळून बसलेल्या असतात, मक्याच्या कणसांची गाडी बाजूला उभी असते, आणि सिनेमा संथ असला तरी कुणी उठून जात नाही. आपल्याकडे महोत्सव म्हटलं की गळ्यात पास अडकवलेलीच माणसं दिसतात. इथं भाजीची पिशवी घेऊन आलेल्या बाई माझ्या शेजारी बसून शेवटची नामावली संपेपर्यंत हलल्या नाहीत.

सहनिर्मितीवरच्या एका चर्चेला जाऊन बसले. बोलणाऱ्या निर्मातीनं सुरुवातच उदाहरणानं केली: लिला आविलेस यांचा 'तोतेम' (२०२३). आविलेस यांना मोरेलिया आधीपासून ओळखतं. त्यांच्या पहिल्या 'ला कामारिस्ता'ला २०१८ साली इथंच सर्वोत्कृष्ट मेक्सिकन चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता. 'तोतेम' जवळजवळ पूर्ण एका घरात, एका दिवसात घडतो. सात वर्षांची सोल आजोबांच्या घरी येते, आजारी बाबांच्या वाढदिवसाची तयारी चाललेली असते, आणि हा त्यांचा शेवटचा वाढदिवस आहे हे सगळ्यांना कळत असतं. मेक्सिको, डेन्मार्क आणि फ्रान्स हे तीन देश या एका घराच्या मागे उभे आहेत.

ते कसे उभे राहतात, हे तिनं फार सोप्या शब्दांत सांगितलं. घरच्या देशात सरकारी मदत मिळाली तरी तिच्यात सगळा सिनेमा होत नाही. मग परदेशातला निर्माता भागीदार होतो, आपल्या देशातल्या सार्वजनिक निधीकडे अर्ज करतो, आणि मिळालेल्या पैशाचा काही भाग सहसा त्याच देशात खर्च करावा लागतो. म्हणजे ध्वनीचं मिश्रण, रंगांचं काम, कधी संकलन त्या देशात होतं, किंवा तिथला तंत्रज्ञ शूटिंगला येतो. भागीदारीच्या प्रमाणात हक्क वाटले जातात. आणि सिनेमाला कागदोपत्री एकापेक्षा जास्त राष्ट्रीयत्वं मिळतात. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण त्यामुळे तो त्या प्रत्येक देशाच्या निधीला, वितरणाच्या मदतीला आणि टीव्ही वाहिन्यांना 'आपला' म्हणून मागता येतो. स्पेन, पोर्तुगाल आणि लॅटिन अमेरिकेतल्या देशांनी मिळून चालवलेला इबेरमीदिया हा निधी १९९८ पासून नेमकं हेच करतो. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड आणि बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड यांची दारंही अशा सिनेमांना उघडी असतात.

मी विचारलं, परदेशी भागीदार गोष्टीत हात घालत नाहीत का? घालतात, ती म्हणाली. पण गोष्ट जितकी एका जागेची, तितका त्यांचा हात कमी चालतो, कारण त्या जागेबद्दल त्यांना तुमच्यापेक्षा जास्त काही माहीत नसतं.

हे मला पटलं, आणि उदाहरणं आपोआप आठवत गेली. कार्लोस रेगादास यांचा 'स्टेलेट लिख्ट' (२००७) चिवावा राज्यातल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या वस्तीत घडतो. संवाद प्लाउटडीच या जर्मन बोलीत, पडद्यावर व्यावसायिक नट नाहीत, आणि सुरुवातीला कित्येक मिनिटं नुसती पहाट उजाडते. मेक्सिको, फ्रान्स, नेदरलँड्स, जर्मनी यांची सहनिर्मिती. फ्रान्समधल्या कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार. तातियाना वेसो यांचा 'नोचे दे फुएगो' (२०२१) डोंगरातल्या अशा गावचा, जिथं टोळीवाल्यांनी उचलून नेऊ नये म्हणून आया मुलींचे केस मुलांसारखे कापतात. तिथंही मेक्सिकोबरोबर जर्मनी, ब्राझील आणि कतार. यातला एकही सिनेमा परदेशी प्रेक्षकाला समजावा म्हणून थांबून काही समजावत नाही.

मेक्सिकोवर ही वेळ का आली, तेही सांगायला हवं. चाळीसच्या दशकात हा देश स्पॅनिश भाषेतल्या सिनेमाची राजधानी होता. १९४६ च्या पहिल्या कान महोत्सवात एमिलियो फर्नांदेस यांच्या 'मारिया कांदेलारिया'ला ग्रां प्री मिळालं होतं. नव्वदच्या दशकात मात्र सगळं कोसळलं. १९९२ च्या कायद्यानं देशी सिनेमांसाठी राखून ठेवलेले खेळ ३० टक्क्यांवरून टप्प्याटप्प्यानं १० टक्क्यांवर आणले, तिकिटांचे दर मोकळे केले, आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षाला दहा-बारा सिनेमे बनणंही कठीण झालं. पुढे २००६ च्या सुमारास कंपन्यांना सिनेमात गुंतवलेल्या पैशावर आयकरात सवलत देणारी योजना आली आणि गाडी पुन्हा रुळावर आली. आता वर्षाला दोनशेच्या वर सिनेमे तयार होतात. २०२० मध्ये सरकारनं जुने दोन निधी बंद केले तेव्हा सिनेमावाले रस्त्यावर आणि संसदेत भांडले. त्यानंतर त्यांच्या जागी एक निधी आला. घरच्या पैशाचा असा भरवसा नसल्यावर बाहेरचा भागीदार ही चैन राहत नाही.

पण पैसा हे एवढंच कारण नाही, आणि हे मला एका रांगेत समजलं. माझ्यापुढे उभे असलेले एक निवृत्त प्राध्यापक दिग्दर्शक लुइस बुन्युएल यांच्या 'विरिदियाना'बद्दल इतक्या पोटतिडकीनं बोलत होते, जणू काल घडलंय. बुन्युएल हुकूमशहा फ्रँकोच्या स्पेनमधून परागंदा झालेले, १९४९ मध्ये मेक्सिकोचे नागरिक झालेले. १९६१ साली ते स्पेनमध्ये जाऊन हा सिनेमा करून आले, त्यात पैसा मेक्सिकन निर्माते गुस्तावो अलात्रिस्ते यांचाही होता. कान महोत्सवात पाम द'ओर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, व्हॅटिकनच्या वृत्तपत्रानं आग ओकली, आणि पुरस्कार स्वीकारणाऱ्या स्पॅनिश अधिकाऱ्याची नोकरी गेली. स्पेननं सिनेमावर बंदी घातली, त्याचं स्पॅनिश असणंच नाकारलं. तरी तो जगभर दिसत राहिला, कारण दुसरा देश त्याला आपला म्हणायला उभा होता. स्पेनमध्ये तो १९७७ मध्ये, फ्रँको गेल्यावर लागला. एका सरकारला नकोसा झालेला सिनेमा दुसऱ्या देशाच्या कागदावर जगतो, हे सहनिर्मितीचं काम मला निधीच्या अर्जांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

मधल्या एका सकाळी सिनेमा सोडून बाजारात गेले. मोरेलियाचं गास्पाचो म्हणजे आंबा, अननस आणि हिकामा नावाचा कुरकुरीत कंद बारीक चिरून, वर संत्र्याचा रस, तिखट आणि किसलेलं कोतिहा चीज. कोरुंदा म्हणजे मक्याचं पीठ पानात गुंडाळून वाफवलेलं, आपल्या पानगीची आठवण करून देणारं, फक्त त्रिकोणी. आणि फळांच्या ढिगाऱ्यात काटे काढलेली, हिरवी आणि लाल साबर बोंडं! निवडुंगाचं हे झाड मूळ इथलंच, मेक्सिकोच्या झेंड्यावर गरुड बसलाय तो याच झाडावर. युरोपियनांबरोबर ते आपल्याकडे आलं आणि बांधाबांधावर माजलं. मी दोन लाल खाल्ली, बोटं रंगली.

ते फळ हातात घेऊन मला आठवला तो अर्थातच रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं', आणि त्याच्या जोडीनं एक मेक्सिकन सिनेमा. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला 'सुहो'ला. आस्त्रिद रोंदेरो आणि फर्नांदा वालादेस यांचा हा सिनेमा मिचोआकानमधल्याच तिएर्रा कालिएंते या भागातल्या, मारेकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या मुलाचा. मेक्सिको, अमेरिका आणि फ्रान्सची सहनिर्मिती. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, तोच पुरस्कार 'साबर बोंडं'ला मिळाला. भारत, ब्रिटन आणि कॅनडाची सहनिर्मिती, वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेल्या तरुणाची मराठी गोष्ट. दोन्ही सिनेमे बाप गेलेल्या मुलांचे, दोन्ही आपल्या गावाला घट्ट धरून असलेले. मोरेलियात मी हे ज्याला ज्याला सांगितलं, त्यानं आधी विचारलं: तो सिनेमा आम्हाला कुठं बघायला मिळेल?

मराठी सिनेमाचा मेक्सिकोशी याआधीचा धागाही आहे. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे मेक्सिकन दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन यांच्याबरोबर रोलेक्सच्या मार्गदर्शन योजनेत होते, क्वारोन यांच्या 'रोमा'चं काम त्यांनी जवळून पाहिलं, आणि पुढे क्वारोन ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'चे कार्यकारी निर्माते झाले. त्या सिनेमाला २०२० मध्ये व्हेनिसला सर्वोत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला.

एक गोष्ट मात्र मला मोरेलियात सतत खुपत राहिली. मेक्सिकोतले बहुतेक पडदे दोन साखळ्यांच्या हातात आहेत, आणि महोत्सवाच्या दिवसांत जिथं 'तोतेम'सारख्या सिनेमांना रांगा लागतात, त्याच पडद्यांवर एरवी वर्षभर हॉलिवूड असतं. तीन देश मिळून सिनेमा पूर्ण करतात आणि तो ज्या गावचा आहे तिथं आठवडाभरही टिकत नाही. आपल्याला हे काही नवं नाही. मराठी सिनेमाला प्राइम टाइम मिळावा म्हणून किती वर्षं भांडतोय आपण. पण त्यावरचा तोडगाही मला इथंच दिसला: तो चौक. सरकार किंवा महोत्सव पडदा लावतो, माणसं येतात. गोव्यात नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा (एनएफडीसी) फिल्म बाजार भरतो, तिथं आपल्या सिनेमांना परदेशी भागीदार मिळतात, अर्धवट सिनेमे तज्ज्ञांना दाखवता येतात. मोरेलियातही अपुऱ्या मेक्सिकन सिनेमांसाठी 'इंपुल्सो मोरेलिया' हा उपक्रम आहे. बनवण्याची सोय आपण हळूहळू करतोय. दाखवण्याची सोय, आणि तीही फुकट, तालुक्याच्या गावात, ही करायला हवी असं मला फार वाटतं, आणि आमच्या फिल्म सोसायटीपुढे मी हा विषय मांडणार आहे.

कुणाला जायचं असेल तर राहण्याची जागा जुन्या शहरातच घ्या, म्हणजे रात्री उशिराचा सिनेमा चुकत नाही. मी पाहिलेल्या मेक्सिकन सिनेमांना इंग्रजी सबटायटल्स होती. चर्चांना मात्र थोडी स्पॅनिश हवी. तासाभरावरच्या पात्सक्वारोला एक दिवस ठेवा. तिथं जुन्या ऑगस्टिनियन मठाच्या जागी एम्पेरादोर काल्त्सोन्त्सिन थिएटर आहे, महोत्सवाचे काही खेळ तिथंही होतात. आणि सुट्टी असेल तर दोन नोव्हेंबरपर्यंत थांबा, मृतांच्या सणाला पात्सक्वारोच्या तळ्याकाठची गावं रात्रभर जागी असतात. त्यासाठी मात्र खोली कित्येक महिने आधी ठरवावी लागते.