असईचा हत्ती आणि मुकुटाचा घोळ

या खेपेला ब्रिटिश फौजेतल्या हायलँड लाइट इन्फंट्री या स्कॉटिश पलटणीचे, म्हणजे एचएलआयचे, टोपीवरचे बिल्ले छाननीला घेतले. स्कॉटिश बिल्ल्यांत सांबरशिंगं आणि स्कॉटलंडचा संत सेंट अँड्र्यू यांचीच चलती. त्यात ही पलटण हत्ती मिरवते, आणि तोही आपल्या जालना जिल्ह्यातला! २३ सप्टेंबर १८०३ ला असईत इंग्रज सेनापती वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेला, तेव्हा ७४ वी हायलँडर्स मराठी तोफांपुढे पार कापली गेली. १८८१ मध्ये ७१ वी आणि ७४ वी एक होऊन एचएलआय झाली, आणि असईचा मान तिच्याकडे आला.

ऑर्डर ऑफ द थिसल या स्कॉटिश मानाच्या किताबाचा तारा, त्यावर बिगुल, बिगुलाच्या वळणात एच-एल-आय अक्षरांची गुंफण, वर मुकुट, खाली 'असई' लिहिलेली पट्टी आणि तिच्याखाली हत्ती. एवढा ऐवज एका बिल्ल्यात.

घोळ आहे तो मुकुटाचा. एरवी आपण मुकुट बघून काळ सांगतो: १९०१ पर्यंत व्हिक्टोरियाचा, मग राजांचा गोल घुमटाचा, १९५२ नंतर एलिझाबेथचा, मधे दबलेला. एचएलआयला ही फूटपट्टी लावू नका. गणवेशाच्या नियमावलीत यांना मुकुटच निराळा नेमून दिला होता, 'स्टार ऑफ इंडिया' या किताबाच्या गळमाळेत असायचा तो. त्यामुळे मुकुट व्हिक्टोरियन धाटणीचा दिसला म्हणून बिल्ला १९०१ पूर्वीचा ठरत नाही, विक्रेता काहीही म्हणो.

मी आता आधी पाठ बघतो. ठशात दाबलेला बिल्ला मागून पोकळ असतो, पुढचा हत्ती मागे खळगा होऊन उमटतो. ओतीव नकलेची पाठ रवाळ, बारीक छिद्रांची. माझ्याकडच्या सर्वांत चांगल्या नगात सोंड आणि पुढचा पाय यांमधली फट भिंगाखाली स्वच्छ दिसते. शेजारच्या संशयित नगात तिथे नुसता गोळा आहे, शिवाय पाठीच्या, टोपीला अडकवायच्या कड्यांचा डाग (झाळण) कालच दिल्यासारखा चकचकीत. तो वेगळ्या डबीत गेला.

हत्ती दिसला की एचएलआय, असंही नाही. असईतच लढलेल्या ७८ व्या हायलँडर्समुळे सीफोर्थ हायलँडर्सकडेही हत्ती आहे, पण कॉलरवर. टोपीवर त्यांचं सांबराचं डोकं. ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटच्या कॉलरवरचा हत्ती अंबारीसकट, आणि ती पलटण यॉर्कशरची, स्कॉटिश नव्हेच. आपल्या मद्रास रेजिमेंटच्या ढालीवरही असईचाच हत्ती आहे; तो मात्र संग्रहात अजून नाही.

१९५९ मध्ये एचएलआयचं रॉयल स्कॉट्स फ्यूजिलिअर्सशी विलीनीकरण झालं आणि टोपीवर ज्वालांचा ग्रेनेड आला. माझ्या मते देखणेपणात तो फारच उणा. पुढच्या खेपेला अधिकाऱ्यांचे चांदीचे नग, हॉलमार्कसह. कुणाकडे असतील तर पाठीचा फोटो जरूर टाका, पुढचा नसला तरी चालेल.