हीटरची थंड हवा: शोध कोअरपर्यंत पोहोचला

ब्लोअर जोरात चालतो, इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावर येऊन स्थिरावतो आणि तरीही जाळीतून थंड हवाच येते, अशी या गाडीची तक्रार होती. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनच्या तापमानानुसार कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) वाट उघडणारी-मिटणारी झडप, उघडा अडकला असता, तर मोकळ्या रस्त्यावर काटा खालीच रेंगाळला असता. त्यामुळे ती शंका आधीच बाजूला ठेवली. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून पाहिले, तर कूलंट काठोकाठ होते. (गरम इंजिनवर हे झाकण कधीही उघडू नये, दाबाखालचे कूलंट 100 अंशांच्याही वर गेलेले असू शकते.)

यानंतरची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. इंजिन तापल्यावर, पंख्यापासून हात दूर ठेवून, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून) हीटर कोअरकडे, म्हणजे गरम कूलंटने केबिनची हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरकडे, जाणाऱ्या दोन्ही नळ्या चाचपाव्यात. दोन्ही गरम असतील, तर कोअरला उष्णता मिळते आहे आणि दोष बहुधा डॅशबोर्डमधल्या, गरम-थंड हवा मिसळणाऱ्या झडपेत किंवा तिच्या मोटरमध्ये असतो. दोन्ही थंड असतील, तर कूलंट कमी असणे किंवा हवा अडकणे संभवते. माझ्या गाडीत आत जाणारी नळी हाताला चटका देत होती आणि परतीची जेमतेम कोमट होती. ॲक्सिलरेटर वाढवूनही फरक पडेना, नळीच्या वाटेत वेगळा व्हॉल्व्हही नाही. म्हणजे कोअरच तुंबला होता.

परतीची नळी कोअरच्या पाइपला घट्ट चिकटली होती. अशा वेळी पकडीने पिळू नये, कारण ॲल्युमिनियमचा पाइप सहज वाकतो. इंजिन थंड झाल्यावर मी नळी उभी चिरून काढली आणि नवी बसवली. मग परतीच्या बाजूने, अगदी कमी दाबाने उलटे पाणी सोडले, तेव्हा आधी बारीक धार आली आणि मग तपकिरी गाळ गंजाच्या पापुद्र्यांसह बाहेर पडू लागला. गळती थांबवणाऱ्या पावडरीही असाच गाळ साठवतात, म्हणून त्या मला मुळीच पसंत नाहीत. पाणी स्वच्छ येईपर्यंत दिशा आलटून-पालटून धुतले, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे भरले आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.

आता परतीची नळीही चांगली तापते. डाव्या जाळीतली हवा मात्र उजवीपेक्षा किंचित कमी गरम आहे, त्यामुळे कोअरच्या काही नलिका अजून बंद असाव्यात. पुढच्या फ्लशने त्या मोकळ्या झाल्या नाहीत, तर डॅशबोर्ड उतरवून कोअर बदलावा लागेल.