खुर्चीला देणगीदार मिळतो, पन्हळीला मिळत नाही

सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच नाटक उभं केलं, आणि त्या प्रयोगाच्या आठवणीत ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. इथं जुन्या नाट्यगृहाच्या दुरुस्तीसाठी झोळी घेऊन निघालं तर लोक रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. पण देणाऱ्याला खुर्च्या, मखमली पडदा, एसी दिसतो. इमारत मात्र खचते ती छपरातून झिरपणाऱ्या पाण्याने. निधीचं सगळं गणित या एका अडचणीभोवती मांडावं लागतं.

पहिला खर्च स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा. कौलारू छपराचा भार पेलणाऱ्या सागवानी कैच्या (तिकोनी लाकडी सांगाडे) मधल्या भागात ठणठणीत दिसतात. कुजतात त्या भिंतीत रुतलेल्या टोकांशी. तिथे टोचा घालून बघितल्याशिवाय अंदाजपत्रक करू नये. विटा-चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, लोणा (भिंतीतला खार) धरतो आणि काही पावसाळ्यांतच पोपडे सुटतात. तिथं चुन्याचाच गिलावा हवा, आणि चुना मुरायला लागणारा वेळ व जाणता गवंडी दोन्ही खर्चात धरायला हवेत. भिंतीवर २०१९ च्या पुराची खूण असेल तर विजेचं मेन पॅनेल आणि रंगमंचाचे दिवे मंद-प्रखर करणारे डिमर त्या खुणेच्या वरच बसवा. एकूण आकड्यावर १८ टक्के जीएसटी, आर्किटेक्टची फी आणि अनपेक्षित कामांसाठी निदान १५ टक्के धरा. जुनी इमारत उघडली की काम वाढतंच. जीएसटी विसरल्यामुळे शेवटच्या टप्प्यात अडकणारी कामं थोडीथोडकी नसतात.

आता खुर्चीचं गणित. समजा एकूण खर्च १ कोटी २० लाख आणि आसनं ६००. मग एका आसनाची देणगी २०,००० रुपये ठेवायची. खुर्ची प्रत्यक्षात साडेसात हजारांत येत असेल, तर उरलेले साडेबारा हजार छप्पर, पन्हळ आणि वायरिंगला जातील, हे आवाहनपत्रकातच स्पष्ट छापा. लपवलं तर ‘माझी खुर्ची कुठाय?’ हा प्रश्न वर्षभर पाठ सोडत नाही. नावाची पट्टी ‘खुर्ची असेपर्यंत’ एवढंच लिहून द्या. कायमचा शब्द पुढच्या विश्वस्तांच्या गळ्यात पडतो. मोठ्या देणगीदारांसमोर एकेक कैची ठेवा. कुजलेल्या टोकाचा फोटो दाखवला की माणूस समजून देतो.

छपराचं काम दिवाळी ते मे एवढ्याच काळात होतं. पूर्ण छपराचे पैसे बँकेत आल्याशिवाय एकही कौल काढू नये. अर्धवट उघडं छप्पर जूनमध्ये सापडलं तर रंगमंचाच्या फळ्याही जातात. हळद, बेदाणा आणि ऊसबिलाचे पैसे हातात असतात तेव्हाच व्यापारी आणि शेतकऱ्यांकडे जावं, म्हणजे मागणी यंदाच्या हंगामात आणि छप्पर पुढच्या दिवाळीनंतर.

मदतीच्या प्रयोगाची आपल्याकडे थोर परंपरा आहे. १९२१ साली बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केलं, आणि ते लिहिणारे खाडिलकर सांगलीचे. तरी हिशेब थंड डोक्याने करावा. ५०० तिकिटं सरासरी ३०० रुपयांनी गेली तर दीड लाख येतात; त्यातून कलाकारांची नाईट (प्रयोगाचं मानधन), प्रवास, मुक्काम, लाइट-साउंड वजा होतं. माझ्या मते प्रयोग गर्दी आणि विश्वास जमवण्यासाठी करावा, छपरासाठी नव्हे. तिकीट ५०० रुपयांपर्यंत ठेवलं तर नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही.

कागदपत्रांत ढिलाई नको. पैसा नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या स्वतंत्र खात्यातच यावा. नोंदणी नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ सी ची परवानगी घ्या. कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८० जी म्हणून ओळखली जाणारी प्राप्तिकर सवलत मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगा. पावती फाडतानाच पॅन आणि पत्ता घ्या, कारण देणग्यांचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि उशिराला दिवसाला २०० रुपये पडतात. दानपेटी भावनेला छान, पण निनावी रक्कम एक लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यातल्या मोठ्या आकड्याच्या वर गेली की त्यावर ३० टक्के कर बसतो.

कुपवाडच्या एमआयडीसीत सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांना कायद्याने सामाजिक कामावर करावा लागणारा खर्च, मागायला जाताना कंपनीचे आकडे आधी बघा. निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यांपैकी एक असेल तरच ती कंपनी त्या कायद्यात येते. ऐतिहासिक वास्तूंचं जतन त्या यादीत बसतं. मात्र संस्थेकडे सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची सीएसआर-१ नोंदणी आणि अशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून कालपरवा काढलेल्या ट्रस्टपेक्षा गावातली जुनी संस्था पुढे करावी.

आणि विमा! ८ ऑगस्ट २०२४ ला कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तो घाव अजून ओला आहे. पॉलिसी पुनर्बांधणीच्या खर्चाइतकी घ्या. निम्म्या रकमेचा विमा असेल तर छोट्या नुकसानीचेही निम्मेच पैसे मिळतात. कामाच्या काळात वेल्डिंग आणि तात्पुरत्या वायरी असतात, त्यासाठी कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, म्हणजे बांधकामाच्या काळातल्या नुकसानीची, पॉलिसी वेगळी. ठेकेदाराच्या बिलातले ५ टक्के एक पूर्ण पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवा, आणि ही अट टेंडरमध्येच घाला.