मिरज–मेलबर्न, व्हाया अंटार्क्टिका

मावशीला विमानाची भीती वाटते असं नाही. तिला ते पटत नाही. खाली काही दिसत नाही, मधे कुठं थांबत नाही, थांबलं तरी उतरून चहा घेता येत नाही, मग तो प्रवास कसला, असं तिचं म्हणणं. पण मुलगी मेलबर्नला, तिथं आता नातही झालेली, त्यामुळं कधीतरी जावं लागणार हे तिलाही कळतंय. मागच्या दिवाळीत चकल्या पाडता पाडता तिनं मला विचारलं, "अरे, तुला रेल्वेतलं एवढं कळतं. मेलबर्नला गाडीनं नाही का जाता येत?"

"येत होतं की. तू निघायला जरा उशीर केलास."

"किती?"

"वीस कोटी वर्षं."

तिचा हात थांबला नाही. सोऱ्यातून आणखी एक चकली कागदावर उतरली. "तेव्हा तिकीट तरी स्वस्त असेल," ती म्हणाली.

मी बोलून गेलो खरा, पण रात्री झोप येईना. मला वेळापत्रकं वाचायचा नाद आहे. लोक झोपताना पुस्तक घेतात, मी गाड्यांच्या वेळा बघतो, ज्या गाडीनं जन्मात जाणार नाही तिच्यासुद्धा. तेव्हा उठून पॅन्जियाचा नकाशा उघडला. जगातले सगळे खंड एकमेकांना चिकटून एकच थोरली जमीन, भोवती एकच समुद्र. आल्फ्रेड वेगेनर नावाच्या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं 1912 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा बऱ्याच जणांनी त्याला वेड्यात काढलं, कारण एवढाले खंड ढकलतं कोण, हे त्याला सांगता येईना. आता शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. मला मात्र त्या नकाशाकडं बघून एकच सुचतं. एवढी सलग जमीन, एकही खाडी ओलांडायची नाही, आणि रूळ टाकायला माणूसच नाही!

माणूस नाही तर नाही, मीच टाकायला घेतले.

पहिली अडचण निघाली मिरजेतच. मिरज नव्हतंच. म्हणजे गाव नव्हतं हे उघड आहे, पण ज्या काळ्या दगडावर आपण राहतो तो दगडही अजून आला नव्हता. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला, तोवर ती थोरली जमीन केव्हाच फुटली होती. म्हणजे मावशीच्या गाडीला सुटायला स्टेशनच नाही. आणि तो लाव्हा नाही म्हणजे आपला हा सह्याद्रीही नाही. बोरघाट नाही, 1 ला 37 चा चढ नाही, बोगदे नाहीत. इंजिनिअर लोक खूश होतील, मी नाही. घाट नसता तर कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिन लागलं नसतं, ते लागेपर्यंत गाडी थांबली नसती, आणि गाडी थांबली नसती तर कर्जतचा वडा कोणी तळला असता? एवढी मोठी जमीन हाताशी, आणि वडा नाही. माझा निम्मा उत्साह तिथंच मावळला.

असो. मिरज आहे असं धरून चाललो. बेळगाव, लोंढा, हुबळी, गुंतकल करत विजयवाडा, तिथून विशाखापट्टणम. इथवर आजचाच रस्ता. विशाखापट्टणमला आज रूळ संपले की पुढं बंगालचा उपसागर. त्या नकाशात पुढं समुद्र नाही, अंटार्क्टिका आहे. आपला पूर्व किनारा तिला टेकलेला होता. महानदीच्या खोऱ्याखालची खचदरी आणि अंटार्क्टिकातल्या लॅम्बर्ट हिमनदीखालची खचदरी या एकाच फाटीचे दोन तुकडे मानले जातात. खचदरी म्हणजे रूळ टाकायला केलेली सोयच, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मधून सपाट पट्टा. अंटार्क्टिका ओलांडली की पलीकडं थेट ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा. बर्फाची चिंता नको, त्या काळात तिथं झाडी होती. स्वेटर एकच पुरेल.

आणि मी मावशीला वीस कोटी सांगितले, तेही थोडं वाढवून सांगितलं होतं. सबंध पॅन्जिया फुटायला लागला तो तेव्हा, पण आपण, अंटार्क्टिका आणि ऑस्ट्रेलिया त्यानंतरही बराच काळ एकत्र होतो. साधारण तेरा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत तिची गाडी चालली असती. पश्चिमेला तर मादागास्कर आपल्याला आणखी चारपाच कोटी वर्षं चिकटून होता. मंगळुरूहून पॅसेंजर सोडायला हरकत नव्हती.

वेळापत्रकाचं मात्र जमेना. तेव्हा पृथ्वी जरा भरभर फिरायची, दिवस 23 तासांच्या आसपास आटपायचा. भरती-ओहोटीनं तिचा वेग हळूहळू कमी होत आजचे 24 तास झाले. म्हणजे 23.50 ला सुटणारी गाडी कधी सुटलीच नसती. आमच्याकडं तशा एकदोन गाड्या आजही आहेत, पण त्यांना कारण वेगळं आहे.

दुसरी खरी अडचण गेजची, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराची. मिरजकराला गेज शिकवायला लागत नाही. ऐंशीच्या दशकात आमच्या स्टेशनात तिन्ही होते: पुण्याकडचं ब्रॉडगेज, हुबळीकडचं मीटर गेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं जाणारी नॅरो गेज, जिला सगळे 'बार्शी लाईट' म्हणायचे. 1676 मिलिमीटर, 1000 आणि 762. तीन वेगवेगळ्या मापांच्या चपला एका दारात काढून ठेवाव्यात तसे रूळ. आषाढीला पुण्याकडून माणसं उतरायची आणि गाठोडी डोक्यावर घेऊन छोट्या गाडीकडं पळायची. आज्जीची पत्र्याची ट्रंक हमालानं एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात घातली, तेव्हा मी तिला विचारलं होतं की दोन्ही गाड्यांची चाकं सारखी का नाहीत. आज्जी म्हणाली, "सारखी असती तर या बाबाचं पोट कसं चाललं असतं?" हमालानं मान डोलावली आणि आठ आणे जास्त मागितले.

आता हेच त्या थोरल्या जमिनीवर पसरून बघा. आपलं 1676 चं ब्रॉडगेज अर्जेंटिनातही आहे. पॅन्जियावर आपण आणि अर्जेंटिना एकाच जमिनीवर, म्हणजे आपला डबा थेट ब्युनोस आयर्सला जायला हवा. पण मधे दक्षिण आफ्रिका, तिथं 1067. बदला गाडी. मादागास्करला मीटर गेज. रशियात 1520. आणि मावशी अंटार्क्टिका पार करून ऑस्ट्रेलियात शिरली तर तिथं आमच्या मिरजेचा थोरला भाऊच: क्वीन्सलँडचं 1067, न्यू साउथ वेल्सचं 1435, व्हिक्टोरियाचं 1600. सिडनीहून मेलबर्नला जाणारी माणसं 1962 पर्यंत सरहद्दीवरच्या ऑल्बरीला उतरून, सामान उचलून, समोरच्या दुसऱ्या गाडीत चढायची. एकाच देशात, एकच भाषा बोलणारी, एकाच राणीची प्रजा. प्रत्येक वसाहतीनं आपापला इंजिनिअर धरला आणि आपापलं माप ठरवलं, झालं. समुद्र नव्हता तिथं माणसांनी आपल्या हातानं साडेसहा इंचांची खाडी खणून ठेवली.

आणि आपण तरी काय? मुंबईहून लंडनपर्यंत आजही बहुतेक जमीनच आहे, शेवटची खाडी होती तिच्याखालून 1994 पासून बोगदा आहे. पोर्तुगालमधून निघून गाड्या बदलत, एखाद्या ठिकाणी रिक्षा करत, सिंगापूरपर्यंत रुळांचा माग काढता येतो. लाओसमधली लाईन 2021 च्या शेवटी सुरू झाल्यापासून ते जमतं. त्या माळेत आपण नाही. अमृतसर आणि लाहोर यांच्यामधे मिरज-कोल्हापूरइतकंच अंतर, रूळ आहेत, दोन्हीकडं गेजही एकच आहे, 1676. गाडी 2019 पासून बंद. हे मी मावशीला सांगितलं नाही. चकलीच्या वेळी असले विषय काढू नयेत.

दुसऱ्या दिवशी मी तिला नकाशा दाखवला. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितला. मेलबर्नपेक्षा तिला विशाखापट्टणमच्या पुढची अंटार्क्टिका जास्त आवडली. मग मी गोंडवनाचं सांगितलं, की या दक्षिणेकडच्या अर्ध्या भागाला गोंडवनालँड म्हणतात, आणि ते नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं. चंद्रपूर, बल्लारपूर, उमरेडचा कोळसा त्याच काळातल्या जंगलांचा. त्या जंगलात ग्लॉसोप्टेरिस नावाचं झाड होतं, जिभेच्या आकाराच्या पानांचं. त्याची पानं आपल्या कोळशाच्या खाणीत सापडतात, आफ्रिकेत सापडतात, ऑस्ट्रेलियात सापडतात. ब्रिटिश संशोधक कॅप्टन स्कॉट दक्षिण ध्रुवावरून परतताना 1912 मध्ये वाटेतच वारला, तेव्हा त्याच्या चमूनं सुमारे 16 किलो दगड शेवटपर्यंत घसरगाडीवरून ओढत आणले होते. उपासमार, हिमदंश, पण दगड टाकले नाहीत. त्या दगडांत हीच पानं निघाली.

"कोळसा म्हणजे इंजिनातला?" मावशीनं विचारलं.

"तोच."

मग तिनं तिची गोष्ट सांगितली. लहानपणी बार्शी लाईटनं पंढरपूरला जाताना तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कोळशाचा कण डोळ्यात गेला. आजोबांनी धोतराच्या सोग्याचं टोक तोंडात ओलं करून पापणी उलटी धरून तो काढला. कवठे महांकाळपर्यंत ती रडत होती. डोळा संध्याकाळपर्यंत लाल राहिला, आणि विठ्ठलाचं दर्शन एका डोळ्यानं झालं, असं ती म्हणाली. आपल्याकडचा कोळसा जवळजवळ सगळा गोंडवनातला, त्यामुळं तो कण त्याच जंगलाचा असणार, पानाचा नाहीतर खोडाचा. स्कॉटनं जे 16 किलो ओढत आणलं, त्यातला चिमूटभर ऐवज मावशीच्या उजव्या डोळ्यात मिरजेजवळ येऊन पडला होता. मी तसं म्हटलं तर ती म्हणाली, "डावा."

मग मी तिला खूश करायला म्हणून सांगितलं की ऑस्ट्रेलिया अजून सरकतोय, दरवर्षी साधारण सात सेंटिमीटर, उत्तरेकडं. एवढा की 1994 ला धरलेले अक्षांश-रेखांश 2020 पर्यंत 1.8 मीटरनं चुकले आणि सरकारला सगळे बदलून घ्यावे लागले.

"चार हात!" मावशी म्हणाली. "म्हणजे इकडंच येतेय की पोरगी."

"येतेय, पण आपणही सरकतोय. पाच सेंटिमीटर, उत्तरेकडंच."

हे शाळेतलं गणित झालं. दोन गाड्या एकाच दिशेनं, एक ताशी इतक्या वेगानं, दुसरी तितक्या. मी पाठीमागच्या कागदावर मांडलं: अंतर साडेनऊ हजार किलोमीटर, वेगातला फरक वर्षाला दोन सेंटिमीटर. दिशा थोडी तिरकी आहे ती सोडून दिली. उत्तर आलं सत्तेचाळीस कोटी पन्नास लाख वर्षं.

मावशीनं कागद घेतला, शून्यं मोजली, आणि त्याच कागदावर चार चकल्या ठेवून माझ्यापुढं सरकवल्या. रात्री मुलीशी फोनवर बोलताना तिचा आवाज आतून ऐकू येत होता. "हो, येते. मेमध्ये. पण तिकीट असं काढ की मधे कुठंतरी उतरून चहा घेता येईल."